आईच्या नावाचा रकाना

टोकन देणाऱ्या यंत्राला निकेनचा मोबाइल नंबर हवा होता. नंबर टाका, त्यावर सहा आकडी कोड येईल, तो इथे भरा, मग टोकन घ्या. आता ज्या बाईचा नंबरच महिनाभर बंद पडलाय आणि तो सुरू करून घ्यायलाच जी या मोबाइल कंपनीच्या दारात आलीय, तिने तो कोड झेलायचा कुठे, ओंजळीत?

"तिसऱ्यांदा तेच विचारतंय हे मढं," निकेन यंत्राला म्हणाली.

दारावरचे रखवालदार, पाक तुगिमिन, म्हणजे तुगिमिनराव, हसत पुढे आले. त्यांनी स्वतःचा नंबर टाकला, खिशातला फोन बघून कोड भरला आणि टोकन फाडून तिच्या हातात दिलं. "सगळ्यांचं असंच करतो, बु. कंपनीला वाटतं मी रोज चाळीस वेळा येतो इथे. वाढदिवसाला मला केकचं कुपन पाठवलं होतं, सर्वांत निष्ठावंत ग्राहक म्हणून."

निकेनला हसू आलं नाही. आज तिसावा दिवस होता. चार वाजेपर्यंत नंबर सुरू झाला नाही तर तो कंपनीच्या हौदात परत जाणार आणि उद्या कुणा अनोळखी माणसाच्या खिशात वाजायला लागणार. क्लातेन गावातल्या निम्म्या नवऱ्या निकेनने सजवल्या होत्या. कपाळावरची काळ्या लेपाची नक्षी तिच्यासारखी कुणाला जमत नसे, आणि तिच्या दारावरच्या पाटीवर, दोन मांडवांच्या कमानींवर, शेकडो मुलींच्या आयांच्या वहीत हाच एक नंबर होता. बेसार महिन्यात, ऐन लग्नसराईत, एका नवरीच्या न्हाणाच्या वेळी तिचा फोन सात विहिरींच्या फुलं घातलेल्या पाण्यात पडला. फोन मेला, त्याच्याबरोबर आतलं कार्डही मेलं. नवं कार्ड घ्यायला ओळख पटवायची होती. ती फोनवरून पटवायच्या नादात तीन आठवडे गेले. तेवढ्यात गावात बोभाटा झाला, की बु निकेनने म्हणे काम सोडलं, आणि जोग्जाहून आलेली एक पोरगी तिच्या ठरलेल्या दोन नवऱ्या पळवून गेली.

"न्दुक, खाऊन घे गं पोरी," शेजारच्या खुर्चीवरून बुलिक म्हणाली. "भजी गरम आहेत."

बुलिक म्हणजे तिची धाकटी मावशी, वारसिनी. वय बहात्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. आज ती हट्टाने बरोबर आली होती. कारण तिचीही एक तक्रार होती, आणि ती पंधरा वर्षं जुनी होती. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विमावाला नाहीतर कर्जवाला तिच्या फोनवर फोन करायचा आणि निकेनला मागायचा. "निकेनबाई आहेत का?" एवढं ऐकलं की बुलिक "ती इथे राहत नाही!" असं ओरडून फोन आपटायची. शुक्रवारच्या नमाजाला, दातांच्या डॉक्टरकडे, एकदा तर मयतीच्या घरी. मग ती निकेनला फोन करून डोकं खायची, की तुझे फोन मला का? मी काय तुझी कारकून आहे? निकेन सांगून थकली होती, की मी तुमचा नंबर कुणालाही दिलेला नाही, बुलिक, शपथ.

"आज त्यांच्या यादीतून माझं नाव काढूनच जाणार," बुलिक सोयाबीनचं तळलेलं तेंपे चावत म्हणाली.

"पाक तुगिमिन, तीन नंबरच्या खिडकीवर या," वरून यंत्रातली बाई गोड आवाजात बोलली. टोकन त्यांच्या नंबरावर होतं. निकेन उठली.

खिडकीमागे तिआरा नावाची मुलगी होती. पंचविशीची, हिजाबला कंपनीच्या रंगाची पिन. ती उभी राहिली, उजवा हात छातीवर ठेवून पाठ केलेलं सगळं बोलली, आणि शेवटी म्हणाली, "मी काय मदत करू, पाक तु... माफ करा, इबू?" इबू म्हणजे आई; परक्या बाईलाही मानाने तेच म्हणतात, तोडून बु, आणि तरुण मुलीला म्बाक. तिआराच्या डोक्यावर मोठा फलक होता. तुमची माहिती ही आमच्याकडची अमानत.

निकेनने ओळखपत्र ठेवलं, कुटुंबपत्र ठेवलं, जन्मदाखला ठेवला, पोलिसांकडची नोंद ठेवली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेल्या प्रती ठेवल्या. अंगठा दिला. कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावले, मग मान डावीकडे, मग उजवीकडे. एवढ्या उठाबशा तिने स्वतःच्या लग्नात काढल्या नव्हत्या.

"छान. आता फक्त एक प्रश्न, इबू. तुमच्या जन्मदात्या आईचं नाव?"

"सुतार्मी. फोनवर पण तेच सांगितलं होतं मी. तुमच्या माणसाला ऐकू गेलं नसेल."

तिआराने टाइप केलं. पडद्याचा लाल उजेड तिच्या गालावर पडला. "क्षमा करा. जुळत नाही."

"जुळत नाही म्हणजे? हा बघा दाखला! हे कुटुंबपत्र बघा! सरकारने लिहिलंय, सुतार्मी!"

"हो इबू, पण ग्राहकाने अर्जात जे भरलंय त्याच्याशी जुळायला हवं. फोनवरची एक आणि ही एक, दोन वेळा झालं. तिसऱ्यांदा चुकलं तर खातं कायमचं बंद होईल."

"मग सांगा ना, काय भरलंय?"

"ते नाही सांगता येणार."

"का?"

"वैयक्तिक माहिती आहे, इबू."

"कुणाची?"

"तुमची."

निकेनने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. नवऱ्यांच्या रडक्या आया, दारू पिऊन आलेले मामा, ऐन वेळी फाटलेली पोलकी, सगळं तिने शांतपणे निस्तरलं होतं. पण आता तिच्या कानशिलाजवळची शीर उडायला लागली. "म्बाक तिआरा, माझी माहिती, माझ्यापासून लपवून, माझ्यासाठी सांभाळताय तुम्ही?"

"नियम आहे, इबू," तिआरा म्हणाली. ती बिचारी खरोखरच ओशाळली होती.

"पहिलं अक्षर तरी सांगा."

"नाही सांगता येणार."

"मान हलवा नुसती."

तिआराने वर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि मान अगदी ताठ धरली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी क्लातेनात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच बोलत नसे. सुतार्मी ही वारसिनीची थोरली बहीण. लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिची कूस उजवेना. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे धाकटीने आपली चाळीस दिवसांची मुलगी तिच्या ओटीत घातली. घरात मूल रांगायला लागलं की त्याच्या ओढीने दुसरं येतं, गळाला आमिष लावावं तसं. आणि आलंही. सुतार्मीला पाठोपाठ दोन मुलगे झाले. मासे दोन लागले, पण आमिष कुणी परत केलं नाही. निकेन सुतार्मीला इबू म्हणत वाढली आणि वारसिनीला बुलिक. हा कायदा इबूने घातला होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. नऊ वर्षांची असताना एका लग्नघरच्या चुलीपाशी निकेन बुलिकला चुकून इबू म्हणाली, तर सुतार्मी एका रमजानपासून दुसऱ्या रमजानपर्यंत सख्ख्या बहिणीशी बोलली नाही. घरातल्या प्रत्येक फोटोत बुलिक मागच्या रांगेत, कडेला. तीन वर्षांपूर्वी इबू गेली तेव्हाही बुलिक मयताच्या पायाशीच बसली होती.

म्हणून अर्जात दुसरं नाव असेल हा विचार निकेनच्या मनाला शिवलाही नाही. शिवला असता तरी तिने तो झटकून टाकला असता. तो अर्ज इबूनेच भरला होता. निकेन तेव्हा बाळंतीण होती, आणि ओळखपत्राची प्रत घेऊन इबू स्वतः बाजारातल्या दुकानात गेली होती. निकेन मनात हिशेब मांडत होती तो वेगळाच. इबूला गाव नवऱ्याच्या नावाने बु हार्जो म्हणायचं. हार्जो लिहिलं असेल? की सुतार्मी हार्जो?

"बुलिक, इबू कागदावर नाव कसं लिहायच्या? पुढे हार्जो लावायच्या का?"

बुलिक आता उठून खिडकीपाशी येऊन उभी होती. हातात तेंप्याचा पुडा. तिने विचार केला. "कधी लावायची, कधी नाही. तिच्या मनावर. पण तू हे बघ." तिने पुडा उजेडात धरला. तो कुणाच्यातरी कुटुंबपत्राची प्रत होता, झेरॉक्सवाल्याने भजीवाल्याला रद्दीत दिलेली, तेलाने आरपार दिसणारी. "हा कोण मुजियोनो, जन्मतारीख पण दिसतेय, रक्तगट ओ, आईचं नाव ङातिनेम. ह्याच्या आईचं नाव मला भज्यांबरोबर फुकट मिळालं. आणि तुझ्या आईचं..." ती तिथेच थांबली आणि तेंप्याचा तुकडा तोंडात टाकला.

तिआराने नजर खाली घातली.

"तिसरी वेळ घेऊ का, इबू? साडेतीन झालेत."

"घ्या," निकेन म्हणाली. "लिहा, सुतार्मी हा..."

बुलिकचा फोन वाजला.

"आलाच मेला!" बुलिक म्हणाली. "बघ, बघ, ह्याच वेळेला. न्दुक, माझे हात तेलाचे आहेत, तोड तो."

"तोडत नाही," निकेन म्हणाली. महिनाभराचा सगळा संताप आता तिला ओतायला जागा मिळाली होती. तिने फोन ओढून घेतला, मोठ्या आवाजावर टाकला आणि काउंटरवर आपटून ठेवला. "म्बाक, तुम्ही पण ऐका, तुमच्या अमानतीचं काय होतं ते. हॅलो! कोण बोलतंय? हा नंबर कुणी दिला तुम्हाला?"

पलीकडचा मुलगा मुळीच दचकला नाही. रोज शंभर शिव्या खाणाऱ्याचा आवाज होता तो, तुपात घोळलेला. "शुभ दुपार, इबू. आमच्या विश्वासू भागीदाराकडून माहिती आली आहे. नोंद वाचून दाखवतो. ग्राहक, श्रीमती निकेन. पर्यायी संपर्क, नातं, आई. जन्मदात्या आईचं नाव, वारसिनी. मी इबू वारसिनींशीच बोलतोय ना? निकेनबाईंच्या आई?"

रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. पाक तुगिमिन दारात उभे होते तसेच राहिले.

बुलिकचा तेलकट हात हवेतच राहिला. पंधरा वर्षं ती पहिल्या वाक्याला फोन आपटत आली होती. दुसरं वाक्य काय असतं ते तिने आज पहिल्यांदा ऐकलं.

"हॅलो? इबू वारसिनी?" मुलगा म्हणाला.

निकेनने फोन बंद केला. मग तिने तिआराकडे पाहिलं.

तिआराचा चेहरा पांढरा पडला होता. "इबू, तुम्ही आत्ता ते... म्हणजे, फोनवर ऐकून सांगितलेलं उत्तर नियमात..."

"म्हणजे त्याने वाचलं ते तुमच्याच कपाटातलं आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?" निकेनने विचारलं. "म्हणा. मोठ्याने म्हणा. कॅमेरा आहे वर."

तिआरा हळूच म्हणाली, "मी काही ऐकलं नाही." तिने कीबोर्ड पुढे ओढला, पाठ सरळ केली आणि नियमाप्रमाणे अख्खा प्रश्न विचारला. "इबू, तुमच्या जन्मदात्या आईचं नाव स्पष्ट आवाजात सांगा."

सोपं होतं. चार अक्षरं नि दोन वेलांट्या. पण निकेनच्या तोंडातून ती निघेनात. त्रेचाळीस वर्षांत हे नाव तिने या प्रश्नाला कधी दिलं नव्हतं. शाळेत नाही, लग्नात काझीपुढे नाही, आणि आज द्यायचं ते कुणाला, तर एका मोबाइल कंपनीच्या पोरीला, मागे अकरा माणसं रांगेत, आणि ती बाई कोपराला कोपर लावून शेजारी उभी. काय म्हणावं या कर्माला!

"वारसिनी," ती म्हणाली.

"थोडं मोठ्याने, इबू. यंत्र आवाज नोंदवून घेतं."

"वारसिनी! माझ्या आईचं नाव वारसिनी!"

तिआराच्या गालावर हिरवा उजेड पडला. "जुळलं," ती म्हणाली, आणि खुर्चीत मागे टेकली.

ओळख पटली, आणि त्याबरोबर सगळे दरवाजे धडाधड उघडले. जे पहिलं अक्षरही सांगता येत नव्हतं, ते तिआराने आता अख्खा पडदाच वळवून दाखवलं. नोंदी तपासून घ्या, म्हणाली. पंधरा वर्षांपूर्वीचा अर्ज होता, कागदाचा फोटो काढून ठेवलेला. निळी शाई. इबूचं ते ताठ, एकमेकांना न चिकटणारं अक्षर. तारीख दमारच्या, निकेनच्या मुलाच्या, जन्मानंतर दोन दिवसांची. नवव्या रकान्यात जन्मदात्या आईचं नाव, वारसिनी. नातं, आई. खाली बुलिकचा नंबर, प्रत्येक आकडा स्वतंत्र चौकटीत, एकही खाडाखोड नाही.

त्या दोन दिवसांत काय झालं होतं ते निकेनला लख्ख आठवलं. कळा सुरू झाल्या तेव्हा ती धरायला बुलिकचा हात मागत होती, आणि इबू दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. आत आली तेव्हा काहीच बोलली नाही. पेज भरवली, बाळाला पुसलं आणि दोन दिवसांनी पिशवी घेऊन बाजारात गेली.

निकेनला इबूचा भयंकर राग आला. एवढं होतं मनात, तर घरात का नाही बोललात? एवढं मोठं घर, तीस माणसं ईदला जेवायला, आणि तुम्हाला जागा सापडली ती हा रकाना? जो कुणी कधी वाचणार नव्हतं! भांडायला आता समोर माणूस नव्हतं, म्हणून राग आणखीच चढला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्या रागाचंच, असं तिने स्वतःला सांगितलं.

बुलिकने चष्मा काढला, ब्लाउजच्या कडेला पुसला, परत लावला. पडद्याला नाक टेकेल इतकी वाकली. "ताईचंच अक्षर," ती म्हणाली. "र असाच काढायची ती." मग म्हणाली, "ह्याची प्रत मिळेल का, म्बाक?"

"नाही मिळणार, इबू. वैयक्तिक माहिती आहे." तिआराचा आवाज रडवेला झाला. "पडदा साठ सेकंदांनी आपोआप बंद होतो. मी परत उघडते. हवा तितक्यांदा उघडते."

तिने तो चार वेळा उघडला. मागची रांग कुरकुरली नाही.

नवं कार्ड हातात आलं. पावणेचारला निकेनचा नंबर सुरू झाला आणि लगेच एका नवरीच्या आईचा निरोप आला. आता फक्त शेवटचं पान उरलं होतं. तिआराने पडद्यावर बोट ठेवलं. "ही खूण दिसते ना, इबू? 'माझी माहिती विश्वासू भागीदारांना देण्यास संमती आहे.' अर्ज भरताना केली गेली होती. आता तुमची ओळख पटलीय, तुम्ही ती काढू शकता. आणि पर्यायी संपर्कही. मग यांना कुणाचे फोन येणार नाहीत."

"काढा!" निकेन म्हणाली. "दोन्ही काढा. आत्ताच्या आत्ता. पंधरा वर्षं छळलंय यांनी."

तिच्या मनगटावर तेलकट बोटं पडली.

"राहू दे," बुलिक म्हणाली.

"काय राहू दे?"

"आहे तसं राहू दे. खूण पण, नंबर पण."

"बुलिक! याच्यासाठीच आलात ना तुम्ही? मयतीच्या घरी वाजला म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लंत! हे लोक माझं सगळं विकतायत, वय, पत्ता, दुखणी, आणि तुम्ही म्हणता राहू दे?"

"खाल्लं असेल डोकं. आता नाही खाणार." बुलिक तिच्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. "तुझं आहे ते. तुला काढायचं तर काढ."

निकेनने तिआराकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "राहू द्या."

बाहेर उन्हात ती स्कूटर मागे घेत होती तेवढ्यात बुलिकच्या पिशवीत फोन वाजला. तोच नंबर. बुलिकने दोन्ही हात कमरेच्या सारोंगला पुसले, मगाशी निकेनने दाबलं होतं ते मोठ्या आवाजाचं बटण शोधून दाबलं आणि फोन तोंडासमोर आरशासारखा धरला.

"शुभ दुपार. मगाशी फोन तुटला. इबू वारसिनी बोलताय का? निकेनबाईंच्या आई?"

"हो," बुलिक म्हणाली. "आईच बोलतेय तिची. तू सावकाश सांग, बाळ, मला वेळ आहे."

निकेन हेल्मेट हातात धरून उभी राहिली. मुलगा विम्याचं सांगत राहिला आणि बुलिक प्रत्येक वाक्याला हो म्हणत राहिली.